घरच्या बियांचा दुधी

फोरमन निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी इमारतीतले सगळे त्यांना अजून फोरमनच म्हणत. पंपाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे गच्चीवरून हाक मारली की तळमजल्यावरचे लोक दचकायचे. फक्त थोरल्या बहिणीपुढे हा आवाज कुठे गडप व्हायचा, कोण जाणे. ताई त्यांना ‘बाळ्या’ म्हणायची आणि सहासष्टाव्या वर्षीही फोरमन निमूटपणे ‘ओ’ द्यायचे.

गच्चीवरची बाग मात्र त्यांची नव्हती. ती त्यांच्या बायकोची. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, कुणीतरी टाकून दिलेला न्हाणीघरातला टब, असं मिळेल ते तिनं गोळा केलं आणि त्यात टोमॅटो, पालक, मिरच्या, पुदिना असं काय काय लावलं. एका पिंपात लिंबाचं झाड होतं. कठड्याच्या कडेनं दोऱ्या बांधून त्यावर दरवर्षी दुधीचा वेल चढवलेला असायचा. ताई पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा नाक मुरडून म्हणाली होती, “काय गं, सून आणली होती का माळीणबाई?” पुढे तिथलीच भाजी पिशवी भरभरून घरी न्यायला लागली, पण नाव तेच राहिलं. माळीणबाई.

फोरमनकडे हमालीचं खातं होतं. माती वर न्यायची, पाणी वर न्यायचं आणि प्रत्येक डब्याच्या बुडाला ड्रिलनं पाच भोकं पाडायची. भोकं ते पट्टी लावून पाडायचे. माळीणबाई म्हणायची, “अहो, पालकाला काय कळतंय भोक कुठे आहे ते?”

तिच्या दोन सवयींची ते मनमुराद टिंगल करायचे. पहिली म्हणजे कागदी टोप्या. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. ही बाई दुपारीच वर जायची, ज्या कळीच्या बुडाशी बोटाएवढा दुधी धरलेला असेल ती निवडायची आणि तिला कागदाची टोपी घालून दोऱ्यानं बांधायची. दुसऱ्या एका कळीलाही तशीच टोपी, ती नर फुलाची. संध्याकाळी टोप्या काढून नर फूल मादी फुलावर फिरवायचं आणि पुन्हा टोपी चढवायची. त्या फुलाचा दुधी ती खायला काढायची नाही, बियांसाठी ठेवायची. फोरमन खालून पाण्याचा डबा घेऊन आले की विचारायचे, “काय, वरात निघाली का?” दुसरी सवय अशी की, दुधी चिरताना देठाकडची चकती कापून ती आधी जिभेला लावायची. दर वेळी, न चुकता. “शिजेपर्यंत दम निघत नाही का गं तुला?” असं ते म्हणायचे आणि ती म्हणायची, “तुम्ही पाणी घाला, पाणी.”

अडतीस वर्षांच्या संसारात या दोन्ही गोष्टी ती का करते, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही.

मग ती आजारी पडली. तिच्या शेवटच्या हंगामात ती हॉस्पिटलात होती आणि गच्चीवर फोरमन एकटेच होते. बागेची पार दैना झाली. पालक वाळला, टोमॅटोला कीड लागली. दुधीचा एकच वेल तगला आणि त्याच्यावर पानांआड एक दुधी त्यांच्या नजरेतून सुटला. दिसला तेव्हा तो लाकडासारखा टणक झाला होता. फोरमननी तो फोडला, टपोऱ्या बारा बिया निवडून काढल्या, वर्तमानपत्रावर वाळवल्या, कागदाची पुडी केली आणि तीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘दुधी. घरचा.’ बागेत त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केलेली ही पहिली गोष्ट. ती पुडी घेऊन ते हॉस्पिटलात गेले.

माळीणबाईला तोवर बोलणंही जड जात होतं. तिनं पुडी हातात घेतली, बोटांनी चाचपली.

“टोपी घातली होती?” तिनं विचारलं.

घातली नव्हती. पण त्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणायला त्यांची जीभ रेटेना. अशा अवस्थेत हिला कशाला घोर लावायचा?

“हो, हो. घातली होती,” ते म्हणाले.

ती हसली. पुडी तिनं उशीखाली ठेवली. आठ दिवसांनी ती गेली, तेव्हा नर्सनं चष्मा, कंगवा आणि ती पुडी त्यांच्या हातात दिली.

महिन्याभरानं ताई राहायला आली. तिलाही दुसरं कुणी नव्हतं. ती मुलांच्या एका वसतिगृहात स्वयंपाकीण होती. तीस वर्षं रोज दोनशे पानं तिच्या हाताखालून गेली. मोठी झालेली, टक्कल पडलेली मुलं अजून रस्त्यात भेटली की वाकून विचारायची, “ताई, आज काय केलंय?” ताईच्या नाकावर माशी बसायची नाही ती या एका गोष्टीमुळे. आणि नेमकी हीच गोष्ट तिच्याकडून काढून घेतली गेली होती. तीन वर्षांपूर्वी तिला तापानं झोपवलं आणि ताप उतरला तेव्हा जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही गेलं होतं. साखर, मीठ, राख, सगळं सारखंच. हे फक्त फोरमनला माहीत होतं. ताई चमच्यांच्या मापानं आणि तीस वर्षांच्या सवयीनं स्वयंपाक करायची. “हात विसरत नाही,” असं म्हणायची.

हात विसरायचा. तिसऱ्या महिन्यात एकदा फोरमन जेवताना सहज बोलून गेले, “ताई, आज मीठ दुप्पट पडलंय गं.” जेवणं झाली, तिनं भांडी घासली, ओटा पुसला. थोड्या वेळानं फोरमननी पाहिलं तर ती पलंगावर बसून बॅग भरत होती.

“हे काय चाललंय?”

“जाते. हाताला चव नाही ती बाई घरात कशाला हवी?”

“अगं, एक दिवस मीठ जास्त पडलं तर—”

“एक दिवस नाही, बाळ्या. मला कळत नाही का? तू पाण्याचे तांब्ये रिचवतोस जेवताना.”

फोरमननी बॅग ओढून घेतली. सत्तरी ओलांडलेली बहीण आणि सहासष्ट वर्षांचा भाऊ लहानपणी पतंगासाठी भांडायचे तसे त्या बॅगेसाठी झोंबले आणि शेवटी दोघंही रडले. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं की ताईच्या जेवणाबद्दल तोंडून वावगा शब्द काढायचा नाही. पुढे अळणी असो, खारट असो, मसाला दोनदा पडलेला असो, पहिला घास घेतला की ते म्हणायचे, “छान झालंय.” ताई त्या दोन शब्दांची वाट बघत हातातला डाव तसाच धरून उभी असायची. शब्द पडले की मगच स्वतः वाढून घ्यायची.

उन्हाळा सरत आला तेव्हा फोरमननी ती पुडी फोडली. बाराही बिया टबात पेरल्या, आठ रुजल्या, त्यांतलं जोमदार रोप तेवढं ठेवलं आणि तो वेल असा काही फोफावला की कठडा दिसेनासा झाला. ताई गुडघे धरत दोन मजले चढून तो बघायला यायची. टबाच्या काठावर बसून वेलाशी बोलायची. “माळीणबाई, नवऱ्याला कामाला लावलंस गं शेवटी.” फोरमन पाठमोरे होऊन पाणी घालत राहायचे. डोळ्यांत पाणी यायचं, ते शर्टाच्या बाहीनं पुसायचे.

पहिला दुधी हातभर झाला. एका सकाळी फोरमननी तो सुरीनं कापला आणि दोन्ही हातांवर घेऊन खाली आणला. हिरवागार, लव असलेला, नख लावलं तर रस येईल असा. ताईनं त्याच्यावरून हात फिरवला आणि चिरायला घेतला. देठाकडची चकती बाजूला टाकली. जिभेला लावून तिला कळणार काय होतं?

दुपारी ती डाव धरून उभी राहिली.

फोरमननी पहिला घास घेतला. कडू. मेथीचा नाही, कारल्याचा नाही, जिभेवर पसरून मागे घशापर्यंत जाणारा वेगळाच कडवटपणा. तोंडातला घास बाहेर काढावा असं वाटलं. समोर ताई उभी होती. काहीतरी भलतंच पडलं हिच्या हातून, त्यांच्या मनात आलं. मेथीदाण्याची बरणी रिकामी केली की काय? आज, नेमका आजच. माळीणबाईच्या दुधीला.

त्यांनी घास गिळला.

“छान झालंय,” ते म्हणाले.

ताईचा चेहरा फुलला. तिनं स्वतःला वाढून घेतलं आणि समोर बसून जेवायला लागली. फोरमननी भातात कालवून आणखी एक घास रेटला. तिसरा काही केल्या उतरेना. त्यांनी हात आखडला.

“का रे?”

“पोट जड वाटतंय जरा. सकाळचा नाश्ता जास्त झाला.”

“आजच्या दिवशी?” ताईचा आवाज चिरकला. “तिच्या हातचं शेवटचं बी आहे, बाळ्या. आणि ताटात टाकतोस? माझ्या वसतिगृहात शीत वाया गेलं नाही कधी.” तिनं त्यांचं ताट आपल्याकडे ओढलं. स्वतःचं संपवलं आणि मग त्यांचंही खाल्लं, बोटांनी कडा पुसून घेत.

फोरमन बघत बसले. सांगावं का, असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. दोनदा आलं. पण पलंगावरची ती बॅग डोळ्यांसमोर आली. आणि कडूच तर आहे, त्यांनी स्वतःला समजावलं, कडू पोटाला चांगलंच असतं. कडू खाऊन कुणी मेलंय का?

अर्ध्या तासात ताई मोरीशी वाकली. आधी भाजी पडली, मग नुसतं पाणी, मग पाण्यात रक्त. फोरमनच्याही पोटात पीळ पडत होता, त्यांनाही दोनदा उलटी झाली, पण ते भिंतीला धरून उभे राहू शकत होते. ताईला उभं राहता येईना. अँब्युलन्स येईपर्यंत तिचे हात गार पडले होते. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई गडबड ऐकून आल्या होत्या, त्या जिन्यात भेटल्या, त्यांनी घराला कुलूप लावलं.

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण मुलगी होती. ती भराभर प्रश्न विचारत लिहून घेत होती.

“काय खाल्लं होतं यांनी?”

“भात. दुधीची भाजी.”

“दुधी कडू होता का?”

असा नेमका प्रश्न येईल असं फोरमनना वाटलं नव्हतं. “कडू म्हणजे… ताईला चव कळत नाही.”

“तुम्हाला?”

“मला लागला. पहिल्याच घासाला.”

डॉक्टरचं पेन थांबलं. “कडू दुधी विषारी असतो, काका. थुंकून टाकायचा असतो. तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?”

तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि पुढचं लिहायला घेतलं. यावर उतारा नाही, ती म्हणाली. सलाइन द्यायचं, रक्तदाब सांभाळायचा आणि आतलं रक्त थांबतंय का बघायचं. या वयात काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई शुद्धीवर आली. तिचे ओठ फुटले होते. तिनं आधी फोरमनना नीट न्याहाळलं.

“तू बरा आहेस ना, बाळ्या?”

“मला काय धाड भरली आहे?”

“काय पडलं रे माझ्या हातून?” ती कुजबुजली. “मी सगळ्या बरण्या आठवून बघितल्या. मिठाच्या शेजारी झुरळांची पावडर होती का? मीच ठेवली असेल. तुला मारलं असतं मी. दोनशे मुलं जेवली माझ्या हातचं, एकाचं पोट दुखलं नाही, आणि तुला…”

“काही पडलं नाही, ताई. तू पड बघू.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगतोस तू. कुणाला सांगू नकोस हं. त्या मुलांना कळता कामा नये.”

नर्सनं ताईसाठी शाल आणि कपडे आणायला सांगितले म्हणून ते घरी आले. चित्रकलेच्या बाई किल्ली द्यायला वर आल्या. त्यांच्या गच्चीवरही दुधीच्याच जातीचा एक वेल असायचा, पण खायचा नव्हे. त्याचे भोपळे वाळवून, रंगवून त्या दिवे करायच्या. काय झालं ते फोरमननी सांगितलं, तशा बाई मटकन खुर्चीवर बसल्या.

“पण असं कसं होईल? तुमच्या मिसेस इतक्या जपायच्या. दरवर्षी मला सांगायच्या, तुमचा वेल कडू आहे, संध्याकाळी पतंग तुमच्या फुलांचे पराग आमच्या फुलांवर आणतात, म्हणून बियांच्या फुलांना मी टोप्या घालते. टोपी चुकली तर त्या बियांचा दुधी दिसायला देखणा येतो आणि असतो विष, असं म्हणायच्या. तरी एकेक दुधी चाखून बघायच्या.” त्या थांबल्या. “टोपी घातली होती ना?”

तोच प्रश्न, दुसऱ्यांदा.

“नव्हती,” फोरमन म्हणाले.

बाई गेल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर देठाकडची चकती अजून पडलेली होती, कडेनं काळी झालेली. त्यांनी ती उचलून जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच मोरीत थुंकले. मेथीची बरणी जागच्या जागी होती, भरलेली. मीठ मिठाच्या जागी होतं. झुरळांची पावडर घरात नव्हतीच. ताईनं भाजी अगदी नीट केली होती.

संध्याकाळी ते तिच्या पलंगाशी बसले आणि तिचा हात हातात घेतला. सुया टोचून टोचून तो निळा पडला होता.

“ताई, तुझ्या हातून काही पडलं नाही. दुधीच कडू होता. बी मी धरलं होतं, तिनं नव्हे. टोपी न घालता. तिनं विचारलं तेव्हा खोटं सांगितलं मी.”

ताईनं डोळे मिटले. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, पण कपाळावरच्या आठ्या सुटल्या. “म्हणजे मी नाही,” ती म्हणाली. “मी नाही घातलं काही.”

“नाही, ताई.”

पलीकडच्या पेशंटच्या घरचे डबा उघडून जेवत होते. मग ताईनं डोळे उघडले.

“तुला कडू लागला असेल. तुझी जीभ तर धड आहे.”

“लागला.”

“पहिल्याच घासाला?”

“हो.”

“आणि छान म्हणालास.”

फोरमननी मान हलवली.

“मग एवढे दिवस रोज म्हणायचास, ते?”

बोलायला हवं होतं. ते सगळं खरं होतं गं, असं म्हणायला हवं होतं, आणि काही दिवस ते खरोखरच खरं होतं. त्या रविवारचा भात, पुदिन्याची चटणी, किती तरी. पण आता कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगितलं असतं तरी तिनं ते कशाच्या जोरावर मानायचं?

ताईनं त्यांच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला आणि पांघरुणाखाली घातला. “थंडी वाजतेय,” ती म्हणाली. त्यांनी शाल घातली. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स सलाइनची बाटली बदलायला आली, तेव्हा ताई गेलेली होती.

वेलावर आणखी पाच दुधी होते. फोरमननी ते तोडले, वेल मुळापासून उपटला, दोऱ्या सोडल्या आणि सगळं पोत्यात भरून तोंड शिवून टाकलं. पुडीत चार बिया उरल्या असतील असं आधी त्यांना वाटलं, मग आठवलं की बारा पेरल्या होत्या. रुजल्या नाहीत त्या चार मातीतच होत्या. त्यांनी टबातली माती पसरून बोटांनी चाळून त्या शोधल्या. तिन्हीसांजेपर्यंत तीन सापडल्या. चौथी सापडली नाही, तेव्हा सगळी मातीच त्यांनी खाली नेऊन टाकली. टबाच्या बुडाला पाच भोकं होती, एकसारख्या अंतरावर.

त्या आठवड्यात चित्रकलेच्या बाई रोज दुपारी डबा आणून द्यायच्या. त्यांचाही चेहरा ओढलेला असायचा. त्यांनीही आपला वेल काढून टाकला होता, न सांगता. चौथ्या दिवशी त्या रिकामा डबा न्यायला आल्या आणि दारात उभ्या राहून, कुणीही विचारतं तसं, त्यांनी विचारलं, “बरं झालं होतं ना?”

फोरमनच्या ओठांवर ते दोन शब्द आलेच. सवयच तशी. त्यांनी दाराची चौकट धरली.

“मीठ नव्हतं,” ते म्हणाले. “अजिबात नव्हतं.”

त्यांना वाटलं, आता बाईंचा चेहरा उतरेल, डोळे भरतील.

“अय्या, हो का?” बाई म्हणाल्या. “विसरलेच की. बरं झालं सांगितलंत. उद्या बघून घालते.”

आणि डबा काखेत मारून त्या जिना उतरून गेल्या. फोरमन तसेच उभे राहिले. एवढंच होतं ते. सांगायचं, आणि समोरच्यानं बरं झालं म्हणायचं. त्यांनी दार लावून घेतलं, आत आले आणि ताईच्या पलंगावर बसून पहिल्यांदा हंबरडा फोडला.